ग्वाडी इन्ना हसी अद!

आमच्या नवनगरात घराचं काम दोन भाषांत चालतं. गवंडी कन्नडमध्ये माप सांगतो, रंगारी हिंदी मिसळून दर सांगतो आणि हिशेबाची वही मात्र मराठीत. (हे हुबळी-धारवाडच्या मधलं नवनगर. अलमट्टीच्या पाण्यामुळे उठलेल्या बागलकोटकरांचं नवनगर वेगळं!) माझं माहेर बेळगावचं, सासर धारवाडचं, त्यामुळे दोन्ही भाषा कानावरच्याच. तरी नव्या गिलाव्याच्या भिंतीबद्दल सासूबाईंचा एक कन्नड शब्द मला मराठीपेक्षा नेमका वाटतो. 'हसी'. हसी म्हणजे ओली आणि हसी म्हणजे कच्चीसुद्धा. भिंत वरून कोरडी दिसते, पण आतून हसी असते. रंगाचं सगळं गणित इथेच बिघडतं.

2024 साली गणपतीच्या आधी आमचा आतला गिलावा संपला. दसरा होता 12 ऑक्टोबरला. मामंजींचं वय 80 च्या पुढे, त्यांची इच्छा एकच, यंदाचा दसरा नव्या घरात. इकडे कर्जाचा हप्ता सुरू आणि राहत्या घराचं भाडंही सुरू. काम घेणारे म्हणाले, ''पंधरा दिवसांत रंग मारून देतो.'' ऐकायला किती गोड! पण पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता आणि अत्ती (सासूबाईंना आम्ही अत्तीच म्हणतो) रोज भिंतीला तळवा लावून सांगायच्या, ''ग्वाडी इन्ना हसी अद.''

त्यांचं म्हणणं अगदी शास्त्राला धरून होतं. सिमेंटच्या गिलाव्याला पहिले सात दिवस तरी पाणी मारावंच लागतं, नाहीतर तो कमकुवत राहतो, बारीक तडे जातात. मग तेच पाणी बाहेर पडायला वेळ द्यावा लागतो. सर्वसाधारणपणे 28 दिवस सांगतात, पण ते कोरड्या हवेतले. आपल्याकडच्या पावसाळ्यात त्याहून जास्त धरावेत. शिवाय ताज्या सिमेंटमध्ये चुन्याचा तिखटपणा असतो. तेल आणि अल्कली एकत्र आले की साबण तयार होतो, हे आपण जाणतोच. ऑइलपेंटमधल्या तेलाचं ओल्या, ताज्या भिंतीवर तेच होतं. रंग चिकट होतो, डाग पडतात, पोपडे सुटतात. पाण्याच्या रंगाचं तसं होत नाही, पण ओल मागून ढकलत राहिली तर त्यालाही फुगे येतात आणि पांढरा लोणा फुटतो.

भिंत वाळली की नाही, हे पाहायची एक सोपी रीत आहे. दीड फूट लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट लावायचा आणि रात्रभर ठेवायचा. सकाळी आतून थेंब दिसले किंवा त्याखालची भिंत गडद झाली, की थांबायचं. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही प्रत्येक खोलीत असे तुकडे लावले. हॉलमध्ये थोडा दमटपणा, माडीवर जवळजवळ काहीच नाही. पण न्हाणीघराला लागून असलेल्या मामंजींच्या खोलीच्या भिंतीवर थेंब अक्षरशः ओघळत होते. गिलाव्याची ओल एवढी नसते. प्लंबरला बोलावून भिंत फोडली, तर आत पाइपचा एल्बो पाझरत होता! त्यावर लांबी आणि रंग चढला असता तर कळायला वर्ष गेलं असतं, आणि दम्याच्या माणसाला बुरशीच्या भिंतीजवळ झोपवलं असतं.

मग दसरा? अत्तींनी सुचवलं, जुन्या घरासारखा सुण्णा मारून घेऊ. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो, हे खरंच. पण पुढे इमल्शन लावायचं तर तो सगळा खरवडावा लागतो, कारण भुकटी सुटणाऱ्या चुन्यावर रंग धरत नाही. शेवटी ठरलं, राखाडी भिंतींतच गृहप्रवेश करायचा. फक्त दाराची चौकट रंगवली, झेंडूची तोरणं बांधली, आपट्याची पानं वाटली. एक आत्याबाई म्हणाल्याच, ''रंगाला पैसे कमी पडले काय गं?'' मामंजींनीच उत्तर दिलं, ''पैसा नव्हे, पाणी जास्त झालंय.''

दिवाळीनंतर हवा कोरडी झाली. खिडक्या उघड्या, पंखे चालू. डिसेंबरात रंगाऱ्याला बोलावलं. सुटे कण पॉलिश पेपरने घासून ब्रशने झटकायचे, तडे भरायचे, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत असतं. भांडण होतं ते पुढच्या क्रमावरून. व्हाइट सिमेंटची पुट्टी असेल तर भिंत किंचित ओलसर करून ती थेट गिलाव्यावर लावतात, ॲक्रिलिक पुट्टी असेल तर आधी प्राइमर. तेव्हा पिशवीवर छापलेलं वाचा, ''हमेशा ऐसेही करते है'' यावर जाऊ नका. पुट्टीचे दोन पातळ हात पुरतात, जाड थर सुटतो. घासताना रंगाऱ्याला मास्क लावायला सांगा. धूळ पुसल्यावर प्राइमर, मग इमल्शनचे दोन हात, मधे डब्यावर लिहिलेला वेळ. प्राइमरमध्ये मोजून पाणी पडतंय ना, हे बघायला मी स्वतः उभी राहत असे. त्यांना ते आवडलं नाही, ते असो.

बिलाचंही सांगते. 12 बाय 10 ची, 10 फूट उंचीची खोली म्हणजे भिंती 440 चौरस फूट आणि छत 120. यातून दारं-खिडक्या वजा करायच्या की नाही, ते आधीच ठरवून घ्या.

लहान मुलं असतील तर डब्यावर शिशाचं प्रमाण पाहा. घरगुती रंगांत 90 पीपीएमपेक्षा जास्त शिसं नको, असा नियम नोव्हेंबर 2017 पासून देशभर लागू आहे.

मामंजींच्या खोलीची ती भिंत मात्र डिसेंबरात रंगवली नाही. तिच्यावर प्लॅस्टिकचा तुकडा तीन वेळा लावला. फेब्रुवारीत तो कोरडा निघाला, तेव्हा अत्तींनी पुन्हा एकदा तळवा टेकवून पाहिला आणि रंगाऱ्याला म्हणाल्या, ''ईग हच्चरी.'' आता लावा!