इंजिनचं तेल जूनमध्ये बदला, जुलैअखेर नाही

आज विषय थोडा काळाकुट्ट आहे, म्हणजे शब्दशः. डिझेल इंजिनचं तेल. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय.

आमच्या मुरुडपासून हर्णै बंदर अगदी जवळ. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. बोटी आंजर्ले खाडीत नाहीतर किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात. मग जुलै संपत आला की एकच धावपळ: जाळी, रंग, आणि इंजिनचं तेल बदलणं. इथेच गडबड होते.

बघा, वापरलेलं तेल नुसतं काळं नसतं. डिझेल जळताना काजळी, पाण्याची वाफ आणि आम्लं तयार होतात, ती तेलात उतरतात. तेलातले क्षार ही आम्लं मारत असतात, पण ते हळूहळू संपतात. असं थकलेलं तेल दोन महिने इंजिनात बसून राहिलं, तर ते बेअरिंग खात राहतं. इंजिन बंद आहे म्हणून झीज बंद, असं नाही. म्हणून बोट वर घ्यायच्या आधीच इंजिन गरम करून जुनं तेल काढा, फिल्टर बदला, नवीन भरा आणि पाच मिनिटं चालवा, म्हणजे नवं तेल सगळीकडे पोचेल. खारं पाणी फिरतं ती वाट गोड्या पाण्याने धुवा. डिझेलची टाकी जमेल तेवढी भरून ठेवा. रिकाम्या जागेत दमट हवा शिरते आणि तिचं पाणी होतं.

आता तेल कुठलं? डब्यावर दोन गोष्टी वाचा.

पहिली, 15डब्ल्यू-40. डब्ल्यू म्हणजे विंटर. पहिला आकडा थंडीत तेल किती पातळ राहतं ते सांगतो, दुसरा 100 अंश सेल्सिअसला ते किती घट्ट राहतं ते. आपल्याकडे बर्फ पडत नाही हे खरं, पण स्टार्ट करताना तेल वरपर्यंत लवकर पोचायला हवंच.

दुसरी, एपीआय. 'एस'ने सुरू होणारं पेट्रोलसाठी, 'सी'ने सुरू होणारं डिझेलसाठी. सीएच-4, सीआय-4, सीके-4 ही सॉफ्टवेअरच्या व्हर्जनसारखी समजा. सीके-4 डिसेंबर 2016 मध्ये आलं आणि जिथे सीआय-4 मागितलंय तिथे चालतं. उलटं मात्र करू नका. अंतिम शब्द इंजिनच्या मॅन्युअलचा.

एक सापळा सांगतो. घरात बोटही आहे आणि मासे न्यायला बीएस-6 पिकअपही आहे, तर उरलेला बोटीचा डबा गाडीत ओतायचा मोह होतो. 1 एप्रिल 2020 नंतरच्या बऱ्याच डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा डीपीएफ असतो. जास्त राख सोडणाऱ्या तेलाने तो हळूहळू तुंबतो. काजळी जाळून साफ करता येते, राख नाही. वाचवलेल्या डब्यापेक्षा बिल कितीतरी मोठं येतं.

रोज तपासायचं काय? डिपस्टिक. तेल काळं दिसलं तर घाबरू नका, डिझेलमध्ये ते लवकर काळं होतंच. पण चहासारखं दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. मग "आज एक फेरी मारून येऊ, मग बघू" नको. मिस्त्रींना बोलवा. इंजिन भर समुद्रात जाम झालं, तर मासळी जातेच, आणि तांडेल नि खलाशी वाऱ्याच्या भरवशावर राहतात.

आणि काढलेलं तेल खाडीत ओतू नका. 2016 च्या नियमांनुसार ते घातक कचरा आहे. डब्यात भरून परवानाधारक घेणाऱ्याकडे द्या. त्याच पाण्यातली मासळी आपण खातो.

घरात कोणाची बोट, पंप किंवा ट्रॅक्टर असेल तर हा भाग त्यांना पाठवा. बाबा-काका ऐकणार नाहीत, तर वाचून दाखवा. भेटू पुढच्या भागात!