स्टेजवरची साडी आणि खोलीतली साडी

आपल्या हॉस्टेलच्या गॅदरिंगला ‘मिस हॉस्टेल’ नावाची एक स्पर्धा असते, हे फर्स्ट इयरच्या पोरांनाही एव्हाना सीनियर्सनी सांगितलं असेलच. मेकॅनिकलचा एखादा सहाफुटी गडी नऊवारी नेसून, गजरा माळून, लिपस्टिक फासून स्टेजवर येतो आणि शिट्ट्यांनी हॉल डोक्यावर घेतला जातो. मेसचे काकासुद्धा भांडी तशीच टाकून दारात येऊन उभे राहतात. बक्षीस साक्षात रेक्टर सरांच्या हस्ते! दुसऱ्या दिवशी तोच गडी नेहमीसारखा टपरीवर चहा पीत असतो आणि कुणालाही त्याच्यात काही बिघडलंय असं वाटत नाही.

आता दुसरा प्रसंग. त्यातल्या मुलाची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील गाळून लिहितोय. दोन वर्षांपूर्वी मी रात्री अकराच्या सुमारास आमच्याच विंगमधल्या एका खोलीत चार्जर मागायला शिरलो. दार वाजवलं नाही. हॉस्टेलात कोण वाजवतं? आत तो एकटाच होता. अंगात सलवार-कमीज, खांद्यावर ओढणी, आणि टेबलावर एम-थ्रीची वही उघडी. गणितं सोडवत बसला होता बिचारा. मी ‘सॉरी’ म्हणून बाहेर आलो आणि पुढच्या पाच मिनिटांत दोघांना सांगितलं. बाकीचं काम विंगने केलं.

पुढे आठ दिवस त्याला जे शब्द ऐकावे लागले ते मासिकात छापता येणार नाहीत. पण मला आठवतो तो त्यातल्या त्यात सज्जन मित्र. तो म्हणाला, “हसू नका रे त्याला, तो आजारी आहे.” तेव्हाच्या रेक्टर सरांचंही मत हेच पडलं. ओरडले नाहीत ते. “बाळ, हा आजार आहे, उपचारानं बरा होईल,” असं म्हणून त्यांनी त्याच्या घरी फोन लावला. हेतू चांगलाच होता. पण तेव्हापासून माझ्या डोक्यात प्रश्न बसला की हा खरंच आजार आहे का? असेल तर स्टेजवरच्या गड्याला का नाही? आणि आजार काय नि काय नाही हे ठरवतं तरी कोण?

आधी शब्दांचा घोळ निस्तरू. क्रॉसड्रेसिंग म्हणजे समाजाने दुसऱ्या लिंगासाठी ठरवलेले कपडे घालणे. बस, एवढंच. असं करणारा पुरुष समलिंगी असतो असं नाही, आणि त्याला स्त्री व्हायचं असतं असंही नाही. ट्रान्सजेंडर व्यक्तीचा प्रश्न ‘मी कोण आहे’ हा असतो, आणि समलैंगिकतेचा ‘मला कोण आवडतं’ हा. क्रॉसड्रेसिंगमध्ये प्रश्न अंगावर काय आहे इतकाच असू शकतो. कुणाला त्यात लैंगिक उत्तेजना मिळते, कुणाला नुसतं शांत वाटतं, कुणाला मजा वाटते, आणि कुणाचं तर पोटच त्यावर चालतं.

पोटाचा विषय निघाला म्हणून आपल्या मराठी रंगभूमीचं घ्या. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व (१८८८–१९६७), आयुष्याचा मोठा काळ स्त्री-भूमिका करत राहिले. त्यांची साडी नेसण्याची ढब आणि दागिने पाहून त्या काळातल्या घरंदाज बायका तशी फॅशन करायच्या. १९६४ साली सरकारने त्यांना पद्मभूषण दिलं. अर्थात तो व्यवसाय होता, खोलीचं दार लावून केलेली गोष्ट नव्हती, त्यामुळे दोन्ही एकच असं मी म्हणत नाही. मात्र कापड तेच, अंग पुरुषाचंच, आणि एकाला टाळ्या तर दुसऱ्याला डॉक्टर! म्हणजे ‘विकृती’ कापडात नसावी, एवढं तरी मान्य करायला हरकत नाही.

वैद्यकशास्त्रात हा विषय नीट मांडणारा पहिला मोठा माणूस म्हणजे बर्लिनचे डॉक्टर माग्नुस हिर्शफेल्ड. त्यांनी १९१० मध्ये ‘ट्रान्सव्हेस्टाइट’ हा शब्द रूढ करणारं पुस्तक लिहिलं. त्यात १७ जणांच्या हकिकती होत्या, पैकी १६ पुरुष आणि १ स्त्री. त्यांचं निरीक्षण असं की यातले बहुतेक जण समलिंगी नाहीत, म्हणजे ही वेगळीच गोष्ट आहे. त्या वेळी असे कपडे घालून बाहेर पडलं तर पोलीस धरायचे. हिर्शफेल्ड यांच्या खटपटीमुळे बर्लिनच्या पोलिसांनी अशा लोकांना चक्क पास द्यायला सुरुवात केली. कॉलेजच्या आयकार्डासारखाच, दाखवला की सुटका! याच हिर्शफेल्ड यांची संस्था १९३३ च्या मे महिन्यात नाझींनी लुटली आणि तिथली पुस्तकं जाळली. लुटायला आलेले होते विद्यार्थी. आपल्याच वयाचे. असो.

पुढे अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने मनोविकारांची यादी काढायला घेतली. तिचं नाव डीएसएम. १९५२ च्या पहिल्या आवृत्तीपासून ट्रान्सव्हेस्टिझम लैंगिक विकृतीच्या खात्यात होता. १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये यावर ‘उपचार’ही झाले. पेशंटला बायकी कपडे घालायला लावायचे आणि त्याच वेळी विजेचा झटका द्यायचा, किंवा उलटी होईल असं इंजेक्शन टोचायचं. कल्पना अशी की कपडे आणि किळस यांची मनात गाठ बसेल. इलेक्ट्रिकलवाल्यांनो, आपल्या शाखेचा उपयोग असाही झालाय!

खरी गंमत मात्र १९९४ च्या चौथ्या आवृत्तीत आहे. तिच्यात हा विकार होण्यासाठी एक अट होती, की माणूस ‘भिन्नलिंगी पुरुष’ असला पाहिजे. म्हणजे बाईने पुरुषी कपडे घातले तर विकार नाही, समलिंगी पुरुषाने साडी नेसली तरी हा विकार नाही, फक्त याने नेसली तर विकार. आता विचार करा, मलेरियाच्या व्याख्येत कुणी ‘रुग्ण पुरुष असावा’ असं लिहील का? व्याख्येत अशी अट घालावी लागते तेव्हा आपण शरीर-मनातला बिघाड मोजतोय की समाजाच्या भुवया, अशी शंका यायला नको?

मुलींना सूट मिळाली ती काही पहिल्यापासून नव्हती. पॅरिसमध्ये १८०० साली पोलिसांचा हुकूम निघाला की बायकांनी पुरुषी वेश करायचा असेल तर परवानगी घ्यावी. १८९२ आणि १९०९ मध्ये त्यात सवलत आली, ती कशी? तर हातात सायकलचं हँडल किंवा घोड्याचा लगाम असेल तर पँट चालेल! हा हुकूम आता रद्द समजावा असं फ्रान्सच्या सरकारने अधिकृतपणे सांगायला २०१३ साल उजाडलं. तोवर जगभर बायका जीन्स घालून केव्हाच कामाला लागल्या होत्या. आपल्या गर्ल्स हॉस्टेलमध्ये निम्म्या मुली आज भावाचा शर्ट घालून फिरत असतील. त्यांच्या घरी कुणी फोन लावला का?

आता सध्याची स्थिती. डीएसएमच्या २०१३ च्या पाचव्या आवृत्तीने ‘पुरुष’ आणि ‘भिन्नलिंगी’ या दोन्ही अटी काढल्या आणि एक महत्त्वाचा फरक केला. वेगळी आवड असणं ही एक गोष्ट, आणि त्या आवडीचा विकार होणं ही दुसरी. कपड्यांतून तीव्र लैंगिक उत्तेजना येते, हे किमान ६ महिने चाललंय, आणि त्यामुळे माणसाला लक्षणीय त्रास होतोय किंवा त्याचं काम, नातेसंबंध, जगणं बिघडतंय, हे सगळं एकत्र असेल तरच विकार. २०२२ च्या सुधारित आवृत्तीतही हे खातं तसंच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेची यादी वेगळी, आयसीडी नावाची. तिच्या दहाव्या आवृत्तीत दोन खाती होती. एक उत्तेजनेसाठी केलेल्या वेशांतराचं. दुसरं अशा माणसांचं, ज्यांना उत्तेजना नको असते आणि कायमचं स्त्री व्हायचंही नसतं, फक्त थोडा वेळ त्या वेशात राहावंसं वाटतं. आमच्या विंगमधला तो नेमका या दुसऱ्या खात्यात बसला असता. त्रास होतोय का, काम बिघडतंय का, हे न विचारताच! पण २०१९ मध्ये मंजूर होऊन १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीतून ही दोन्ही खाती काढून टाकली आहेत. एकट्याने किंवा संमतीने केलेली, कुणाला इजा न करणारी गोष्ट म्हणजे रोग नव्हे, अशी त्यामागची भूमिका.

त्याच आवृत्तीतली एक बारीक अट मला सर्वांत मोलाची वाटते. अशा एखाद्या आवडीमुळे माणूस फार त्रासात असेल तर निदान करता येतं, पण तो त्रास केवळ ‘लोक मला नाकारतील’ या भीतीतून किंवा लोकांनी खरंच नाकारल्यामुळे आलेला नसावा. म्हणजे आधी आपण विंगभर मिळून एखाद्याला छळायचं आणि मग तो रडतो, जेवत नाही म्हणून त्यालाच रोगी ठरवायचं, हा धंदा बंद!

प्रॉडक्शनवाल्यांना हे पटकन कळेल. एखादा जॉब सरासरीपेक्षा वेगळा निघाला म्हणून आपण तो रिजेक्ट करत नाही. तो बसतोय का, चालतोय का, हे बघतो. जेरोम वेकफील्ड नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९९२ मध्ये विकाराची व्याख्याच ‘अपायकारक बिघाड’ अशी केली. दोन्ही शब्द हवेत. नुसता लोकांना नापसंत असून भागत नाही, आत काहीतरी मोडलेलं असावं लागतं, आणि त्यातून नुकसानही व्हावं लागतं.

मग यात कधीच आजार नसतो का? असं मी म्हणणार नाही. कपड्यांची ओढ इतकी वाढली की लेक्चर, जेवण, झोप सगळं सुटलं, मेसचे पैसे त्यात गेले, थांबावंसं वाटूनही थांबता येत नाही, तर मदत घ्यायलाच हवी. पण मोबाईल गेमच्या बाबतीतही आपण हेच म्हणू ना? दोरीवरचे दुसऱ्याचे कपडे पळवणं ही चोरी आहे, त्याला रोगाची ढाल नको. काही डॉक्टर म्हणतात, यादीत खातं असलं तर खरोखर त्रासलेल्याला उपचार आणि विमा मिळणं सोपं जातं. मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. पण चिंता, नैराश्य, सक्तीचं वर्तन यांची खाती आधीच आहेत की. साडीसाठी वेगळं खातं उघडायची गरज मला तरी दिसत नाही.

“पण असे असतात किती?” हाही प्रश्न येतो. स्वीडनमध्ये १८ ते ६० वयाच्या २,४५० लोकांचं एक सर्वेक्षण झालं होतं, ते २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. वेशांतरातून निदान एकदा तरी उत्तेजना अनुभवली असं सांगणारे पुरुष निघाले २.८ टक्के, स्त्रिया ०.४ टक्के. आपलं हॉस्टेल म्हणजे स्वीडन नव्हे, पण ३०० मुलांना २.८ टक्के लावून बघा. आठ येतात. यात नुसतं शांत वाटतं म्हणून घालणारे धरलेलेच नाहीत. हे आठ जण आपल्याबरोबर मेसच्या रांगेत ताट घेऊन उभे असतात आणि आपण मारलेले विनोद ऐकून आपल्यासारखेच हसतात.

आपल्या देशाचा कायदाही बघून घ्या. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७. त्याचं तिसरं कलम सांगतं की मनोविकार ठरवायचा तो मान्यताप्राप्त वैद्यकीय निकषांवर, आणि कुणी समाजातल्या रूढ नैतिक, सामाजिक किंवा सांस्कृतिक मूल्यांप्रमाणे वागत नाही एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. रेक्टर, वॉर्डन, क्लास टीचर या मंडळींनी हे कलम एकदा जरूर वाचावं, ही नम्र विनंती. आम्ही पोरं तर काय, नोटीस लागल्याशिवाय काहीच वाचत नाही.

त्या मुलाचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलं. वडील दुसऱ्याच दिवशी आले आणि त्याला तालुक्याच्या गावी एका मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी वडिलांना बाहेर बसायला सांगितलं आणि याला विचारलं की कधीपासून करतोस, स्वतःला मुलगी समजतोस का, अभ्यास होतो का, झोप लागते का, जेवतोस का. तो म्हणाला, शाळेपासून करतो, मी मुलगाच आहे, ते कपडे घातले की डोकं शांत होतं आणि गणितं सुटतात. मार्कशीट बॅगेतच होती, तीही दाखवली त्याने. केटी एकही नाही. फक्त झोप लागत नव्हती, गेले आठ दिवस.

डॉक्टरांनी उपचार दिले ते त्या झोपेवर. मग वडिलांना आत बोलावून सांगितलं की कपड्यांचा आजार याला नाही, पण आठ दिवसांत जे झालंय त्याने हा पार खचलाय, त्याच्याकडे लक्ष द्या. परतताना एसटी स्टँडवर दोघांनी चहा घेतला. वडील बराच वेळ गप्प होते. शेवटी म्हणाले, “परीक्षा कधी आहे रे तुझी?”

त्याने हॉस्टेल सोडलं. आता तो बाहेर खोली घेऊन राहतो. मी माफी मागायला गेलो तेव्हा त्याने मला बसवलं, चहा केला, आणि म्हणाला, “तू पाहिलंस त्याचं काही नाही रे. दार लावून घेऊन गप्प बसला असतास तर चाललं असतं.” यावर मला काही बोलता आलं नाही. अजूनही येत नाही.

यंदाच्या गॅदरिंगची नोटीस लागली आहे. ‘मिस हॉस्टेल’साठी आमच्या विंगमधून एक नाव हवंय म्हणून सेक्रेटरी परवा माझ्याकडे येऊन गेला. नाव अजून दिलेलं नाही.