नवे बेअरिंग महिन्यात का जाते?



एप्रिल-मे महिन्यात आम्ही ऊस विकास विभागाची मंडळी गटागटांतून फिरतो, तेव्हा एखादा सुरू उसाचा प्लॉट पाण्यावाचून सुकलेला दिसतो. विहिरीला पाणी असते, वीजही ठरल्या वेळेला येते. चौकशी केली की उत्तर मिळते, "पंप खोललाय साहेब, बेअरिंग गेलं." पुष्कळदा ते त्याच उन्हाळ्यात दुसऱ्यांदा गेलेले असते. ऐन फुटव्यांच्या वेळी पाण्याच्या दोन पाळ्या चुकल्या तर मेलेले फुटवे पुढे कितीही खत टाकले तरी उठत नाहीत आणि गाळपाला येणाऱ्या उसांची संख्या तिथेच घटते. तेव्हा आम्ही शेतकी पदविकेच्या माणसांनी लोखंडाच्या कामात थोडे नाक खुपसले तर रागावू नये.

पाणबुडी मोटारीचा विषय वेगळा आहे. येथे आम्ही लिहितो ते मोटार आणि पंप कपलिंगने जोडलेल्या किंवा पट्ट्यावर चालणाऱ्या पंपाबद्दल.

बेअरिंग लवकर गेले की दोष दुकानदाराला मिळतो. नकली माल बाजारात असतो, नाही असे नाही. पण जुने बेअरिंग भंगारात टाकण्याआधी ते उघडून बघा, ते स्वतःच सांगते. ग्रीस दुधासारखे पांढरट झाले असेल आणि कड्यांना गंज असेल, तर आत पाणी शिरले. छर्ऱ्यांच्या अंतराने सारखे खळगे पडले असतील, तर बसवताना हातोडा चुकीच्या जागी पडला. आतल्या कड्याचे भोक घासून चकचकीत झाले असेल, तर शाफ्ट बारीक झाला आहे आणि कडे त्यावर घसरत फिरते आहे. या तिन्हींत नव्या बेअरिंगचा काही गुन्हा नाही.

आमच्या पाहण्यात पाण्याचाच त्रास जास्त. हे पाणी येते ग्लँडमधून. ग्लँड दोरीतून थेंब थेंब पाणी पडलेच पाहिजे, त्यानेच दोरी आणि शाफ्ट थंड राहतात. पण दोरी झिजली की चिळकांडी उडते आणि ती थेट बेअरिंगच्या हाऊसिंगवर. ती अडवायला शाफ्टवर एक रबरी चकती असते. पंप जोडताना ती कोपऱ्यात पडून राहते आणि "तिच्यावाचून काय अडतंय" म्हणून पंप तसाच चालू होतो. शिवाय पंप बंद झाला की तापलेले हाऊसिंग थंड होताना बाहेरची हवा आत ओढते, हवेबरोबर ओलही. मग राखण उरते ती एकट्या ऑइल सीलची.

सील घेताना जुन्यावरचे आकडे वाचावेत. ३०-५२-१० म्हणजे शाफ्ट ३० मिलिमीटर, हाऊसिंगचे भोक ५२ आणि जाडी १०. सीलच्या ओठामागे बारीक स्प्रिंग असते. ती बाजू कुठे करायची यावर मिस्त्री मंडळींत वाद होतात. आमच्या मते वाद घालायचे कारणच नाही. ज्याला अडवायचे त्याच्याकडे ओठाचे तोंड. हाऊसिंगमध्ये पातळ तेल असेल तर तोंड आत, तेलाकडे. ग्रीसवर चालणारे असेल तर ग्लँडच्या बाजूचे तोंड बाहेर, पाण्याकडे. जादा ग्रीस ओठाखालून थोडे बाहेर आले तरी बिघडत नाही. दोन ओठांचे सील मिळाले तर उत्तमच.

नवे सील घालण्याआधी शाफ्टवर नख फिरवा. जुन्या ओठाने खाच पाडली असेल तर तेथे नवे सीलही गळणार. जागा असेल तर सील दोन-तीन मिलिमीटर सरकवून बसवावे, नाहीतर शाफ्ट भरून लेथवर तासून घ्यावा. चावीच्या खाचेची धार तर ओठाला ब्लेडसारखी कापते, म्हणून तीवर पातळ प्लॅस्टिक गुंडाळून सील वरून सरकवावे. ओठाला तेल लावायला विसरू नका. कोरडा ओठ पहिल्या काही मिनिटांतच जळतो.

बेअरिंगचे शेवटचे दोन आकडे ५ ने गुणले की भोक कळते. ६३०६ म्हणजे ३० मिलिमीटर. शाफ्टवर चढवताना जोर आतल्या कड्यावरच हवा, त्या मापाचा पाइपाचा तुकडा घेऊन. बाहेरच्या कड्यावर ठोकले की तो मार छर्ऱ्यांतून जातो. फार घट्ट असेल तर उघडे बेअरिंग तेलात ८० ते १०० अंशांपर्यंत तापवावे, भांड्याच्या तळाला न टेकवता जाळीवर ठेवून. ज्योतीवर धरू नये, पोलादाचा कस जातो. दोन्ही बाजूंनी बंद असलेले बेअरिंग तेलात टाकू नका, त्यात ग्रीस भरूनच येते. आणि सैल शाफ्टवर पत्र्याची पट्टी घालणे किंवा पंचाचे ठोके मारणे म्हणजे पुढच्या महिन्याचे काम आजच बोलावणे!

ग्रीस हाऊसिंगच्या मोकळ्या जागेच्या निम्म्याहून जास्त नको. ठासून भरले की ते घुसळले जाऊन तापते. जोडणी झाल्यावर पंप हाताने फिरवून पहा, कुठे अडकतोय का. कपलिंगच्या दोन्ही भागांवर चारी बाजूंनी पट्टी टेकवून सरळपणा बघा. चालू केल्यावर पहिला तासभर जवळ थांबा. हाऊसिंग कोमट होईलच, पण हात ठेवता येईना इतके तापले तर बंद करा.

पंप खोलायचाच तर जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस लागल्यावर खोला. तेव्हा मिस्त्रीही मोकळा असतो आणि लेथवर रांग नसते. त्या वेळी सीलची एक जादा जोडी मापाने आणून तेल लावून, कागदात गुंडाळून घरात ठेवावी. खिळ्याला मात्र टांगू नका, ओठ वाकडा होतो.