मेबलचा ताबा

ताब्याच्या खटल्यांचे जुने निकाल वाचायचा मला नाद आहे. वकिली कधी केली नाही, करायचीही नाही. पण नवरा-बायको वेगळे झाले की पोर कुणाकडे आणि खर्च कुणाचा, या दोन प्रश्नांवर न्यायाधीश जे लिहून ठेवतात त्यात त्या काळाचा समाज पुरता उघडा पडतो. या नादात भेटलेल्या सगळ्यात चक्रावून टाकणाऱ्या पक्षकार म्हणजे ॲनी बेझंट. होय, होमरूलवाल्याच. मुलांच्या ताब्यावरून त्या दोनदा कोर्टात उभ्या राहिल्या, एकदा पोटच्या मुलीसाठी आणि एकदा परक्याच्या मुलांसाठी. दोन्ही वेळा स्वतःची बाजू स्वतःच मांडली.

नवरा फ्रँक बेझंट हा लिंकनशायरमधल्या सिब्सी गावचा पाद्री. लग्न १८६७ सालचं. पाद्र्याच्या बायकोची ख्रिस्तावरची श्रद्धा उडाल्यावर घरात काय होणार ते झालं आणि १८७३ मध्ये दोघं वेगळी झाली. फारकतीच्या करारात वाटणी झाली : मुलगा डिग्बी बापाकडे, धाकटी मेबल आईकडे, तिने वर्षातला एक महिना बापाकडे जायचं. बाईंच्या हाती दरमहा तुटपुंजी रक्कम. त्यावर भागेना म्हणून लेखन सुरू झालं, मग व्याख्यानं.

हे असंच चालू राहिलं असतं. पण १८७७ मध्ये बाईंनी नास्तिक सहकारी चार्ल्स ब्रॅडलॉ यांच्यासोबत डॉ. नोल्टन यांची संततिनियमनावरची जुनी पुस्तिका सहा पेन्सांना विकायला काढली. (आपल्याकडे र. धों. कर्व्यांचं संततिनियमनाचा प्रचार करणारं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक निघालं ते यानंतर बरोबर ५० वर्षांनी. छळाची तऱ्हा तीच.) अश्लीलतेचा खटला झाला, दोघं दोषी ठरली, आणि पुढे तांत्रिक मुद्द्यावर सुटली. पण फ्रँकसाहेबांना हवं ते मिळालं होतं. १८७८ मध्ये त्यांनी अर्ज ठोकला की, ही बाई भाषणांतून नि लेखांतून नास्तिकपणाचा प्रचार करते, असली पुस्तिका छापते, सबब मेबलचा ताबा मला द्यावा.

न्यायाधीश होते सर जॉर्ज जेसल. एक स्त्री वकिलाशिवाय समोर उभी आहे, याचाच त्यांना आधी राग आला. आता कायदा काय होता पाहा. पूर्वी इंग्लंडात बापाचा शब्द अखेरचा असे. नवऱ्याने मुलं तोडलेल्या लेखिका कॅरोलिन नॉर्टन यांच्या झगड्यामुळे १८३९ साली सात वर्षांखालच्या मुलांसाठी आईला दाद मागता येऊ लागली आणि १८७३ च्या कायद्याने ही मर्यादा सोळावर नेली. त्याच कायद्याने आणखी एक केलं. मूल आईकडे राहील असा फारकतीचा करार कोर्ट मान्य करील, मात्र तो मुलाच्या हिताचा नसेल तर अंमलात आणणार नाही, असं ठरवलं. आईच्या मदतीला आलेल्या कायद्यातली ही शेपटाकडची अट जेसलनी उचलली. आईने मुलीची अत्यंत मायेने काळजी घेतली आहे, हे त्यांनी उघड कबूल केलं. तरीही मुलीला धर्मशिक्षण न देणारी, असली पुस्तिका विकणारी आई म्हणजे मुलीचं अहित. करार बाजूला, मेबल बापाकडे. बाईंनी अपील केलं, तेही हरलं. भेटीची मुभा मिळाली, पण प्रत्येक भेटीनंतर मुलांची होणारी ओढाताण पाहून बाईंनी भेटणंच सोडलं. सज्ञान झाल्यावर दोन्ही मुलं आपणहून आईकडे परतली.

‘मुलाचं हित’ हे आजच्या ताबाकायद्याचं ब्रह्मवाक्य. बेझंटबाईंच्या खटल्यात ते नांगीसारखं वापरलं गेलं. म्हणून हे दोन शब्द वाचले की मी आधी बघतो, हित ठरवणारा कोण आहे.

आता मद्रास. नास्तिकपणा सोडून बाई तोवर अड्यारच्या थिऑसॉफिकल सोसायटीच्या अध्यक्ष झाल्या होत्या. १९०९ मध्ये तिथले त्यांचे सहकारी लेडबीटर यांना कृष्णमूर्ती हा मुलगा भावी जगद्गुरू म्हणून दिसला. त्याचे वडील नारायणय्या विधुर, निवृत्त सरकारी नोकर. १९१० मध्ये त्यांनी कृष्णमूर्ती आणि धाकट्या नित्यानंदाचं पालकत्व बाईंना लिहून दिलं. पुढे लेडबीटर यांच्या मुलांशी असलेल्या वागण्याबद्दलचं बोलणं कानावर आलं, मन फिरलं आणि १९१२ मध्ये त्यांनी मुलं परत मागायला दावा लावला. मुलं तोवर इंग्लंडात. नारायणय्यांचे वकील होते सी. पी. रामस्वामी अय्यर, जे चारच वर्षांनी होमरूलमध्ये बाईंचे उजवे हात झाले!

मद्रासच्या हायकोर्टात बाई दोनदा हरल्या. १९१४ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या अखेरच्या अपील न्यायालयाने, निकाल फिरवला. बापाने लिहून दिलं तरी पालकत्व ही ठेव आहे, ती कायमची देऊन टाकता येत नाही, हे कौन्सिलने मान्यच केलं. पण मुलं राहतात तिथल्या कोर्टात न जाता दावा भलतीकडे लावला, आणि मुलांना काय हवं ते कुणी विचारलंच नाही, म्हणून दावा फेटाळला. १८७८ मध्ये मी बाईंच्या बाजूचा. १९१२ मध्ये मात्र माझा जीव त्या बापासाठी तुटतो.

हा निकाल आपल्या कोर्टांत अजून वाचला जातो. बायको मूल घेऊन लातूरला माहेरी आणि नवऱ्याचा अर्ज पुण्यात, अशा वेळी पहिली खडाजंगी ‘मूल राहतं कुठे’ यावरच होते. कायदाही तोच, १८९० चा पालक आणि पाल्य अधिनियम. १९५६ च्या हिंदू कायद्याने पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे ठेवलं, पण नैसर्गिक पालक आधी बाप आणि त्याच्यानंतर आई. लेखिका गीता हरिहरन यांना मुलाच्या नावे रोखे घेताना रिझर्व्ह बँकेने वडिलांची सही मागितली, तेव्हा त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९९९ मध्ये आईचं पालकत्व बापाच्या हयातीतही मान्य झालं.

पैशाची बाजू याहून रखडलेली. नागपूरच्या एका जोडप्याचं प्रकरण २०१३ ते २०२० चाललं. नावं वकीलमंडळींना पाठ आहेत, इथे नकोत. कौटुंबिक न्यायालयाने मुलासाठी आधी महिना ५,००० आणि पुढे १०,००० रुपये ठरवले होते. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं तेव्हा न्यायालयाने देशभरासाठी नियम घालून दिले : पोटगी अर्जाच्या तारखेपासून, आणि दोघांनी मिळकतीचं शपथपत्र द्यायचं. शेतकऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे. त्यात जमीन, पिकं, म्हशी, गायी, शेळ्या, कोंबड्या, अगदी मधमाश्यांच्या पेट्यासुद्धा विचारल्या आहेत. ‘साहेब, माझ्याकडे काहीच नाही’ म्हणणाऱ्या बापांची जात ओळखणाऱ्या माणसानेच तो लिहिला असणार. मूल भेटत नाही म्हणून खर्च देणार नाही, ही पळवाटही कायद्यात नाही.

२०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे नऊ वर्षांच्या मुलीचा ताबा आला. आईवर व्यभिचाराचा आरोप होता. तो घटस्फोटाचं कारण ठरेल, पण ताबा नाकारण्याचं नाही, असं म्हणत न्यायालयाने मुलगी आईकडेच ठेवली. जेसलसाहेबांच्या निकालाला तेव्हा १४६ वर्षं झाली होती. पालक नेमताना मुलाचा धर्म आणि पालकाचं चारित्र्य पाहा, असं सांगणारं १८९० च्या कायद्याचं कलम १७ मात्र अजून पुस्तकात आहे.