जनावरांची जुनाट हगवण : लक्षणांची पारख

पावसाळ्याच्या आरंभी कोवळे गवत खाल्ल्याने जनावर दोन-चार दिवस पातळ शेण टाकते व कोरडी वैरण मिळताच पूर्ववत होते. परंतु हगवण दोन-तीन आठवडे टिकली, अथवा थांबून पुनःपुन्हा उद्भवली, तर ती जुनाट समजावी. अशी हगवण हा स्वतंत्र रोग नसून आतील रोगाची खूण होय. जामनेर तालुक्यात कांग व वाघूर नद्यांच्या काठी, पाणथळ जागी गुरे चारणाऱ्या शेतकऱ्यांनी तिची पारख शिकून घेणे अगत्याचे आहे.

पर्णकृमींची बाधा : डबक्यांतील गोगलगायींच्या द्वारे हे कृमी गवतावर येतात व चाऱ्याबरोबर पोटात जातात. शेण पातळ व दुर्गंधीयुक्त होते, डोळ्यांच्या आतील त्वचा फिकट पडते, जबड्याखाली मऊ सूज येते. एकाच कुरणातील अनेक जनावरांत ही लक्षणे आढळल्यास कृमींचा संशय बळावतो. यावर औषध उपलब्ध आहे.

जोन्स रोग : या रोगाचे जंतू १८९५ साली जर्मनीत प्रथम आढळले. लागण बहुधा वासरपणी, बाधित शेण लागलेल्या सडांतून किंवा चिकातून होते. लक्षणे मात्र दोन वर्षांनंतर, पुष्कळदा वेतानंतर दिसतात. ताप नसतो, जनावर चारा खाते, तरीही ते खंगत जाते व दूध आटते. शेण पिचकारीसारखे पडते. त्यात सहसा रक्त नसते व जनावर कुंथत नाही. पुढे येथेही जबड्याखाली सूज येते. म्हणून केवळ सुजेवरून निदान करू नये. या रोगावर खात्रीचा इलाज नाही.

वासरांची रक्ती हगवण : शेणात रक्त व शेंब दिसणे आणि वासराने कुंथणे ही हिची चिन्हे होत.

तीव्रता कशी ठरवावी? मानेची कातडी चिमटीत धरून सोडावी. ती तत्काळ पूर्ववत न झाल्यास शरीरातील पाणी घटले आहे असे समजावे. डोळे खोल गेले, कान थंड पडले किंवा जनावर उठेनासे झाले, तर विलंब न करता पशुवैद्यकास बोलवावे.

काय करावे? हगवण केव्हा सुरू झाली, वेत केव्हा झाले, किती जनावरे बाधित आहेत, याची नोंद ठेवावी. ताजे शेण स्वच्छ, झाकणाच्या बाटलीत घेऊन त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासणीस पाठवावे. तपासणीविना हगवण बंद करणारी औषधे देत राहू नये. त्याने मूळ रोग झाकला जातो. निदान होईपर्यंत आजारी जनावर वेगळे बांधावे आणि वासरांना त्याचे दूध व त्याची उष्टी वैरण देऊ नये. जोन्स रोगाचे जंतू शेणात व ओल्या जमिनीत कित्येक महिने जिवंत राहतात. यास्तव असे जनावर बाजारात विकणे म्हणजे दुसऱ्याच्या गोठ्यात रोग पोहोचविणे होय.