जुन्या लहान विमानांतील फेरबदल आणि त्यांची मान्यता

जुन्या लहान विमानांतील फेरबदल म्हणजे वापरात असलेल्या हलक्या विमानाचे इंजिन, उपकरणे, रेडिओ, आसने, बॅटरी किंवा रचनेचा एखादा भाग मूळ आराखड्यापेक्षा वेगळ्या भागाने बदलणे. असा बदल करण्यास विमान ज्या देशात नोंदले आहे त्या देशाच्या नागरी विमान नियामकाची मान्यता लागते. भारतात हे काम नागरी विमान वाहतूक महासंचालनालय (डीजीसीए) पाहते. नवा भाग जुन्यापेक्षा सरस असला तरी तेवढ्यावरून तो बसवता येत नाही. तो भाग प्रमाणित असावा लागतो आणि तो त्या विशिष्ट विमानावर बसवण्याची कृतीही स्वतंत्रपणे मान्य व्हावी लागते. या दोन मान्यतांची गल्लत हे अनेक विमाने जमिनीवर अडकून पडण्याचे नेहमीचे कारण आहे.

महाराष्ट्रात हा विषय मुख्यतः वैमानिक प्रशिक्षणाशी निगडित आहे. गोंदिया जिल्ह्यातील बिरसी येथील विमानतळ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी बांधला. तेथे राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था (एनएफटीआय) काम करते. कॅनडाची सीएई ही कंपनी आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांचा हा संयुक्त उपक्रम असून तेथे ऑस्ट्रियन बनावटीची डायमंड डीए-40 आणि डीए-42 ही विमाने वापरली गेली आहेत. राज्यातील इतर फ्लाइंग क्लबांत सेसना 152 आणि सेसना 172 ही विमाने दीर्घकाळ वापरात आहेत. सेसना 152 चे उत्पादन 1977 ते 1985 या काळात झाले, म्हणजे त्या प्रकारचे सर्वात नवे विमानही आता चार दशकांचे आहे.

प्रकार प्रमाणपत्र

प्रत्येक कारखानानिर्मित विमानाचा आराखडा एकदा तपासून त्याला ‘टाइप सर्टिफिकेट’ म्हणजेच प्रकार प्रमाणपत्र दिले जाते. त्या आराखड्यानुसार बनलेल्या आणि सुस्थितीत असलेल्या प्रत्येक विमानाला पुढे उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र मिळते. म्हणजे विमान उड्डाणयोग्य ठरण्यासाठी दोन अटी आहेत: ते मान्य आराखड्याशी जुळले पाहिजे आणि सुरक्षित अवस्थेत असले पाहिजे. अमान्य भाग बसवला की तो उत्तम चालत असला तरी पहिली अट मोडते. भारतीय विमान नियम, 1937 मधील नियम 52 फेरबदल आणि दुरुस्तीसंबंधी आहे. नियमबाह्य फेरबदल झालेल्या विमानाचे उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र निलंबित झाल्याचे मानले जाते. त्यासाठी कोणी येऊन ते जप्त करावे लागत नाही. 1934 च्या विमान अधिनियमाची जागा 1 जानेवारी 2025 पासून भारतीय वायुयान अधिनियम, 2024 ने घेतली, परंतु 1937 चे नियम त्यामुळे आपोआप रद्द झाले नाहीत.

हौशी व्यक्तीने स्वतः बांधलेली विमाने या चौकटीबाहेर असतात. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत बांधलेल्या विमानाची नोंदणी 2017 मध्ये झाली. अशा प्रायोगिक विमानाला प्रकार प्रमाणपत्र नसते, त्यामुळे त्याला मिळणारी परवानगीही वेगळ्या स्वरूपाची आणि मर्यादित असते. प्रायोगिक विमानांसाठी विकली जाणारी स्वस्त उपकरणे प्रमाणित सेसनात बसवता येत नाहीत, ती याच कारणाने. अनेकदा दोन्ही उपकरणे दिसायला सारखीच असतात.

बदल कशाला म्हणतात

झिजलेल्या भागाच्या जागी निर्मात्याच्या सुट्या भागांच्या सूचीतील त्याच क्रमांकाचा भाग बसवणे हा फेरबदल नव्हे, ती देखभाल होय. निर्मात्याने जुना क्रमांक बंद करून पर्यायी क्रमांक दिला असेल तर तोही चालतो. खरी अडचण जुन्या विमानांत येते. मूळ भाग बनणे बंद होते आणि बाजारात मिळणारा भाग वेगळा असतो. मोटारीचा अल्टरनेटर विमानातल्या अल्टरनेटरसारखाच दिसतो आणि काही वेळा तो एकाच कारखान्यातून आलेला असतो. फरक त्यामागच्या तपासणीत आणि कागदपत्रांत असतो. बोल्टचेही तसेच. हार्डवेअरच्या दुकानातील त्याच मापाच्या बोल्टचे पोलाद कोणते, त्याची ताकद किती, हे सांगणारा पुरावा त्याच्याबरोबर येत नाही.

म्हणून भागासोबत अधिकृत प्रमाणपत्र मागितले जाते. भारतात ते ‘सीए फॉर्म 1’, युरोपात ‘ईएएसए फॉर्म 1’ आणि अमेरिकेत ‘एफएए फॉर्म 8130-3’ या नावाने ओळखले जाते. मूळ निर्मात्याखेरीज इतर कारखान्यांनाही अमेरिकेत ‘पीएमए’ मान्यतेखाली पर्यायी भाग बनवता येतात. जुन्या सेसना उडत्या राहण्यात या भागांचा मोठा वाटा आहे.

किरकोळ आणि मोठे फेरबदल

डीजीसीएच्या नागरी विमान वाहतूक आवश्यकतांपैकी ‘सीएआर-21’ हा भाग आराखड्यातील बदलांचे दोन वर्ग करतो. वजन, समतोल, रचनेची ताकद, विश्वासार्हता, उड्डाणाचे गुणधर्म यांवर लक्षणीय परिणाम न करणारा बदल किरकोळ. उरलेले सर्व मोठे. किरकोळ बदल डीजीसीए किंवा तिने मान्यता दिलेली आराखडा संस्था मंजूर करू शकते. मोठ्या बदलासाठी प्रकार प्रमाणपत्राचा धारक स्वतःच्या प्रमाणपत्रात बदल करून घेतो. अन्य कोणी बदल सुचवत असेल तर त्याला पूरक प्रकार प्रमाणपत्र, म्हणजे ‘एसटीसी’, घ्यावे लागते.

एसटीसी कोणत्या मॉडेलला आणि कधी कोणत्या क्रमांकांच्या विमानांना लागू आहे, हे त्यातच लिहिलेले असते. एकाच नावाची दोन विमाने वेगवेगळ्या वर्षी बनलेली असतील तर एकाला ते लागू पडते, दुसऱ्याला नाही. परदेशी एसटीसी असल्यास भारतीय नोंदणीच्या, म्हणजे ‘व्हीटी’ चिन्हाच्या, विमानावर ते वापरण्यासाठी डीजीसीएची स्वीकृती लागते. विमानात पूर्वी बसलेल्या इतर उपकरणांशी नव्या बदलाचा मेळ बसतो का, हे मात्र प्रमाणपत्र सांगत नाही. ते बसवणाऱ्यालाच ठरवावे लागते.

लहान विमानांसाठी ही प्रक्रिया फारच जड आहे, ही तक्रार जुनी असून ती निराधार नाही. सुरक्षितता वाढवणारे उपकरण केवळ मान्यतेच्या खर्चामुळे बसत नसेल तर नियमाचा हेतूच मागे पडतो. युरोपीय विमान सुरक्षा संस्थेने 2015 मध्ये ‘सीएस-स्टॅन’ ही प्रमाणित बदलांची यादी आणली; तिच्यातील पद्धतीने केलेल्या बदलाला स्वतंत्र मंजुरी लागत नाही. अमेरिकेत काही बदल ‘फॉर्म 337’ वर स्थानिक निरीक्षकाच्या संमतीने होऊ शकतात. 2016 मध्ये तेथे गार्मिन जी-5 या इलेक्ट्रॉनिक दर्शकाला अनेक मॉडेलांना लागू असणारी एकत्रित मान्यता मिळाली. निर्वात पंपावर चालणाऱ्या आणि तो पंप बंद पडताच हळूहळू चुकीची स्थिती दाखवणाऱ्या जुन्या दर्शकाला त्यामुळे परवडणारा पर्याय उपलब्ध झाला.

वजन, समतोल आणि उष्णता

लहान विमानात थोड्या वजनाचाही परिणाम मोठा असतो. सेसना 152 चे कमाल वजन 757 किलोग्रॅम आहे आणि त्या वजनाला गुरुत्वमध्य सुमारे 10 सेंटिमीटरच्या पट्ट्यातच राहावा लागतो. 5 किलोग्रॅमची बॅटरी इंजिनाजवळून काढून 2 मीटर मागे बसवली तर गुरुत्वमध्य सुमारे 13 मिलिमीटर मागे सरकतो, म्हणजे मोकळ्या पट्ट्याचा आठवा हिस्सा एका बॅटरीतच संपतो. गुरुत्वमध्य फार मागे गेला की विमान अस्थिर होते आणि गिरकीतून बाहेर काढणे अवघड होते. त्यामुळे फेरबदलानंतर वजनाचा तक्ता नव्याने करावा लागतो, काही वेळा विमान प्रत्यक्ष तोलावे लागते.

गोंदियाच्या उन्हाळ्यात हा प्रश्न अधिक तीव्र होतो. बिरसीची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे 300 मीटर उंचीवर आहे. तापमान 45 अंश सेल्सिअसला पोहोचले की तेथील हवा प्रमाण वातावरणातील सुमारे 1,450 मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ असते. पंख आणि पंखा दोन्हींची क्षमता घटते, टर्बोचार्जर नसलेल्या इंजिनाची शक्तीही कमी होते आणि उड्डाणासाठी धाव लांबते. मूळ हस्तपुस्तिकेतील तक्ते मूळ विमानासाठी असतात. बदललेल्या इंजिनाला किंवा पंख्याला ते लागू राहत नाहीत, म्हणून मान्यतेसोबत उड्डाण पुस्तिकेची पुरवणी येते.

डायमंडसारख्या तंतू आणि राळेच्या संमिश्र पदार्थाच्या विमानांत रंगसुद्धा आराखड्याचा भाग असतो. उन्हात बांधणीचे तापमान मर्यादेत राहावे म्हणून बाह्य पृष्ठभाग पांढरा ठेवण्याचे बंधन असते. शिवाय नियंत्रण पृष्ठांवर रंगाचे जादा थर चढले तर त्यांचा समतोल बिघडून वेगात कंपन सुरू होऊ शकते.

वीजपुरवठा

अलीकडच्या फेरबदलांत सर्वाधिक वाटा विजेवर चालणाऱ्या उपकरणांचा असतो. त्यासाठी वीजभाराचे गणित मांडावे लागते. ते किती महत्त्वाचे आहे हे 4 मार्च 2007 रोजी जर्मनीतील स्पायर येथे दिसले. एका डीए-42 विमानाची बॅटरी उतरलेली होती, म्हणून त्याची दोन्ही डिझेल इंजिने बाहेरच्या वीजपुरवठ्यावर सुरू करण्यात आली. उड्डाणानंतर चाके आत घेताना विद्युतदाब क्षणभर घसरला, इंजिनांचे संगणकीय नियंत्रक पुन्हा सुरू होऊ लागले आणि दोन्ही इंजिने थांबली. विमान पोटावर उतरवावे लागले. जीवितहानी झाली नाही. त्यानंतर नियंत्रकांना स्वतंत्र राखीव बॅटरी देणारा बदल आला.

याच विमानाचे इंजिनही पुढे बदलले. मूळ इंजिने बनवणारी थीलर्ट कंपनी एप्रिल 2008 मध्ये दिवाळखोरीत गेली. डायमंडने ऑस्ट्रो इंजिनचे एई-300 वापरून डीए-42 एनजी ही आवृत्ती काढली आणि तिला 2009 मध्ये युरोपीय मान्यता मिळाली. नवे इंजिन अधिक शक्तिमान व जड होते. विमानाचे कमाल वजन 1,785 वरून 1,900 किलोग्रॅम झाले. जुन्या विमानांनाही हे रूपांतर देऊ करण्यात आले, पण ते प्रकार प्रमाणपत्रधारकाने स्वतः मंजूर करून घेतलेल्या आराखड्यानुसारच.

सक्तीचे बदल

काही बदल मालकाच्या इच्छेवर नसतात. धोकादायक दोष आढळल्यास नियामक उड्डाणयोग्यता निर्देश काढतो आणि त्यात दिलेल्या मुदतीत तपासणी किंवा बदल करावाच लागतो. सेसनाच्या आसनांचे रूळ व खिट्ट्या झिजून आसन उड्डाण करतानाच मागे सरकण्याचे प्रकार घडल्याने अमेरिकेने 1987 मध्ये निर्देश काढला आणि 2011 मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. आपत्कालीन संकेतयंत्राबाबत परिस्थितीच बदलली: उपग्रहांनी 121.5 मेगाहर्ट्‌झवरील संकेत टिपणे 1 फेब्रुवारी 2009 पासून थांबवले, त्यामुळे जुनी यंत्रे चालू असूनही उपग्रहाला ऐकू येईनाशी झाली आणि 406 मेगाहर्ट्‌झची यंत्रे बसवावी लागली. अशा यंत्राचा संकेतांक विमानाशी जोडून नोंदवावा लागतो. विमान विकले गेले की नोंदही बदलावी लागते. रेडिओ बदलल्यास दूरसंचार विभागाच्या बिनतारी नियोजन शाखेकडील परवान्याचाही प्रश्न येतो.

बसवल्यानंतरची नोंद

काम ‘सीएआर-145’ खाली मान्य संस्थेत होते आणि ‘सीएआर-66’ खालील योग्य वर्गाचा परवाना असलेला विमान देखभाल अभियंता विमान सेवेत परत देण्याच्या प्रमाणपत्रावर सही करतो. लॉगबुकात मान्यतेचा क्रमांक, भागांचे क्रमांक आणि वापरलेली तांत्रिक माहिती नोंदवली जाते. उपकरणांची यादी, वजनाचा तक्ता, उड्डाण पुस्तिकेची पुरवणी व देखभाल कार्यक्रम हे चारही अद्ययावत करावे लागतात. जुने विमान विकत घेणाऱ्यास बहुधा येथेच धक्का बसतो: वीस वर्षांपूर्वी बसवलेला एखादा रेडिओ व्यवस्थित चालत असतो, पण त्याची मान्यता कागदोपत्री सापडत नाही. अशा वेळी मान्यता नव्याने मिळवणे किंवा विमान पूर्ववत करणे, एवढेच मार्ग उरतात.