आधी फक्की, मग डांबर

फक्की पडली त्या सकाळी एक म्हातारी ओट्यावरून उतरून आली. माझ्या हातातल्या नकाशाकडे तिनं पाहिलंच नाही. चुन्याच्या पांढऱ्या रेघेवर पाय पडू न देता ती अलीकडेच उभी राहिली आणि म्हणाली, "मोजणीसाहेब, चुलीच्या अलीकडनं जाती का पलीकडनं?"

"चूल वाचली, आजी. पडवी जातीय."

"मग सून सुटली. मीच पडवीत झोपते," असं म्हणून ती आत गेली.

मी भूकरमापक होतो. पाथर्डी तालुक्यातला जन्म, जिल्ह्यात ठिकठिकाणी नोकरी, 2020 साली निवृत्त. बांधावरच्या भांडणांच्या मोजण्या केल्या तशा रस्त्यांच्याही पुष्कळ केल्या. रोलर आला, डांबराचा वास सुटला की लोक म्हणतात, रस्ता झाला. आमच्या लेखी तो फक्की पडली त्याच दिवशी झालेला असतो. त्यानंतर जे चुकतं ते दुरुस्त करता येतं. रेघ चुकली तर ती नातवंडांना निस्तरावी लागते.

आमच्या पाथर्डीला हे समजावून सांगावं लागत नाही. कल्याणहून माळशेज घाट चढून नगर, तिथून करंजी घाट, तिसगाव, पाथर्डी, खरवंडी कासार आणि पुढे मराठवाड्यातून नांदेड, निर्मल असा हा महामार्ग. पूर्वी त्याचा क्रमांक 222 होता, आता 61 आहे. गावात आला की हाच महामार्ग आमचा बाजाररस्ता होतो. परभणीकडे निघालेला ट्रक आणि कोथिंबिरीची जुडी घ्यायला थांबलेली मोटारसायकल एकाच डांबरावर. नवरात्रात मोहटादेवीची गर्दी, रंगपंचमीला मढीच्या कानिफनाथांची यात्रा, दिवाळीच्या आगेमागे कोयते-भांडी, लेकरं आणि बैल घेऊन कारखान्यांकडे निघालेल्या ऊसतोड टोळ्या, सगळं याच रस्त्यावरून जातं. नाईक चौकात दहा मिनिटं उभं राहिलं तरी कळतं की वाढत्या गावाला वेगळा हमरस्ता का लागतो. दूर जाणाऱ्याला थांबायचं नसतं आणि बाजारात आलेल्याला हलायचं नसतं. दोघांना एकच रस्ता दिला की दोघंही एकमेकांना शिव्या देतात, आणि दोघांचंही बरोबर असतं.

आमच्याकडे रस्ता ही नेहमीच पोटाशी जोडलेली गोष्ट. 72 च्या दुष्काळात मी दहा वर्षांचा होतो. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. मोठा दगड, हातोडा, बोटांना गुंडाळलेल्या चिंध्या. फोडलेल्या खडीचा ढीग मोजूनच मजुरी. मोजायला येणाऱ्या माणसाकडे सगळ्या बाया श्वास रोखून बघायच्या, कारण त्याची टेप एक वीत इकडे-तिकडे झाली तर संध्याकाळच्या मिलोच्या भाकरीत फरक पडायचा. मोजणाऱ्याच्या हातात काय असतं ते मी तिथे शिकलो. माती वाहायला तेव्हा गाढवं असत. मढीच्या यात्रेत गाढवांचा बाजार भरतो तो उगाच नाही. वडार, बेलदार, कुंभार या कष्टकरी समाजांचं माती-दगड वाहण्याचं साधन तेच होतं. आता टिपर आले.

रेघ ओढायची म्हणजे काय? आधी रस्त्याची मध्यरेषा ठरते. तिथून दोन्ही बाजूंना मोजत जायचं. दोन पदरी रस्त्याचा डांबरी भाग 7 मीटर असतो, दोन्हीकडे दीड-दीड मीटरची पक्की साईडपट्टी धरली तर 10. मग शेतकरी विचारतो, "दहा मीटरचा रस्ता, आन् जागा तीस-पंचेचाळीस मीटर कशाला?" प्रश्न बरोबर आहे. उरलेल्या जागेत गटार असतं, झाडं असतात, पाण्याची आणि विजेची लाईन असते, भराव असेल तर त्याचा उतार असतो. आणि उद्याचे दोन पदर असतात, जे आज कोणालाच दिसत नाहीत. या हद्दीबाहेरही दोन रेषा आहेत. मोकळ्या भागातल्या महामार्गासाठी इंडियन रोड्स काँग्रेसच्या संकेतानुसार मध्यापासून 40 मीटरवर इमारत रेषा आणि 75 मीटरवर नियंत्रण रेषा. पहिलीच्या आत बांधायचं नाही आणि दोन्हींच्या मधे परवानगीशिवाय बांधायचं नाही. या दोन रेषांवर कोणी दगड रोवत नाही. त्या फक्त कागदावर असतात, म्हणून सगळ्यात आधी त्याच पुसल्या जातात.

आमचं साधन मात्र बदलत गेलं. जुन्या मोजणीत 33 फुटांची साखळी असायची, तिचे 16 आणे पाडलेले. 33 गुणिले 33 म्हणजे 1089 चौरस फूट, म्हणजेच एक गुंठा. साखळीचा एक चौरस म्हणजे गुंठा, हा हिशोब अडाणी माणसालाही डोळ्यांनी दिसायचा. मग फळ्यावरची मोजणी आली, नंतर इलेक्ट्रॉनिक यंत्र आणि आता उपग्रहावर चालणारा रोव्हर. रोव्हर सेंटिमीटरपर्यंत जातो. पण बांधावरचा म्हातारा अजून रोव्हरकडे बघत नाही, मोजणीदाराच्या तोंडाकडे बघतो.

राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन घ्यायची तर 1956 चा कायदा लागतो. तालुक्यात त्याची कलमंच लोकांच्या तोंडी आहेत. "थ्री-ए झालं का?" म्हणजे जमीन घ्यायचा इरादा राजपत्रात आला का. त्यानंतर हरकतीला 21 दिवस मिळतात. "थ्री-डी झालं" की जमीन सरकारजमा. हे थ्री-ए पासून वर्षाच्या आत झालं नाही तर सगळं पहिल्यापासून. "थ्री-जी" म्हणजे मोबदल्याचा निवाडा. तो मान्य नसेल तर लवादाकडे जाता येतं. यात आमचा भाग संयुक्त मोजणीचा. भूमी अभिलेखचा मोजणीदार, महसूलचा माणूस, फळझाडांसाठी कृषी खातं, सागा-लिंबासाठी वन खातं, घर आणि गोठ्यासाठी बांधकाम खातं, असे सगळे एका बांधावर उभे राहतात. शेतकऱ्याला मी एकच सांगायचो : "दादा, त्या दिवशी घरात बसू नका. बोअर, पाईपलाईन, डाळिंबाची झाडं, सगळं स्वतः मोजून दाखवा. कागदावर आलं नाही ते नव्हतंच असं धरतात."

मोबदल्याचं गणितही लोकांना वाटतं तेवढं गूढ नाही. 2013 च्या भूसंपादन कायद्याची मोबदल्याची पद्धत 1 जानेवारी 2015 पासून महामार्गांनाही लागू झाली. आधी बाजारभाव, त्याला ग्रामीण भागात 1 ते 2 चा गुणांक. त्यात घर, झाडं, विहीर यांची किंमत मिळवायची. आलेल्या बेरजेवर तेवढीच रक्कम दिलासा म्हणून, म्हणजे शंभर टक्के. शिवाय अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत बाजारभावावर वर्षाला 12 टक्के. भांडण होतं ते मुळात पहिल्या आकड्यावर. आपल्याकडे खरेदीखतात किंमत कमी दाखवायची रीत. मुद्रांक वाचतो. मग रस्ता आला की सरकार तीच खरेदीखतं समोर ठेवतं आणि आपण म्हणतो, हा कुठला भाव?

जागा ताब्यात आली की इंजिनिअरांचं राज्य सुरू होतं. आमच्या तालुक्यात गर्भगिरीच्या अंगाला मुरूम आणि खडक, आणि खोलगट भागात काळी माती. काळी माती पाण्यानं फुगते, उन्हात भेगाळते. तिच्यावर थेट रस्ता केला तर तो बाजल्याच्या सुंभासारखा ढिला पडतो. म्हणून ती खोदून काढायची, मुरूम भरायचा, पाणी मारून दाबायचा. त्यावर खडीचे थर आणि शेवटी डांबराचे. डोळ्यांना दिसतो तो वरचा थर जेमतेम तीन ते पाच सेंटिमीटरचा. मध्यापासून कडेला मीटरमागे दोन-अडीच सेंटिमीटरचा उतार लागतो, म्हणजे पाणी थांबत नाही. माझ्या समजुतीनं रस्ता ट्रकमुळे कमी आणि पाण्यामुळे जास्त मरतो. नवा रस्ता उंच झाला, मोरी लहान ठेवली किंवा बुजली, की पहिल्याच वळवात पाणी बाजूच्या घरांत शिरतं आणि मग गावकरी रस्त्यालाच चर पाडतात.

आमच्या भागात हे काम किती रखडू शकतं ते सगळ्या जिल्ह्यानं पाहिलंय. नगर-पाथर्डी रस्त्यावरच्या खड्ड्यांनी आणि धुळीनं कित्येक वर्षं लोकांना छळलं. डिसेंबर 2022 मध्ये पारनेरचे तेव्हाचे आमदार नीलेश लंके यांनी या रस्त्यासह जिल्ह्यातल्या तीन रस्त्यांसाठी नगरला उपोषण केलं होतं. जागा असूनही रस्ता नाही, हे एक दुखणं. जागाच न उरणं हे दुसरं, आणि त्याला उपोषणाचंही औषध नाही. नगर शहरात स्टेशन रस्त्यावर शेवटी वर चढावं लागलं. सक्कर चौकापासूनचा सुमारे तीन किलोमीटरचा उड्डाणपूल नोव्हेंबर 2022 मध्ये खुला झाला. तालुक्याच्या गावाला असा पूल कोण बांधून देणार? आपल्याला जमिनीवरच भागवायचंय.

त्यासाठी विकास आराखडा असतो. 1966 च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यानुसार नगरपालिका पुढच्या वीसेक वर्षांचा विचार करून नकाशावर रस्ते दाखवते. पण आरक्षण टाकून नुसतं बसून राहता येत नाही. दहा वर्षांत जागा घेतली नाही तर कलम 127 प्रमाणे मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो, आणि 24 महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण गळून पडतं. मालकाच्या बाजूनं हे न्यायाचंच आहे. कोणाची जमीन आयुष्यभर नकाशात अडकवून ठेवायची? पण असा एकेक तुकडा सुटत गेला की नकाशावरचा सलग रस्ता जमिनीवर तुटक होतो. इकडे दोनशे मीटर, तिकडे तीनशे, आणि मधे कोणाचा तरी बंगला.

हे सगळं मी लोकांना शांतपणे समजावायचो. मग पाळी आमच्यावर आली.

निवृत्तीच्या थोडं आधी शिवारातून जाणाऱ्या एका रस्त्याचा वाढीव तुकडा मंजूर झाला आणि रेघ आमच्या गटातून आली. स्वतःच्या जमिनीची मोजणी स्वतः करायची नसते. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असलेला मोजणीदार आला. त्यानं मला खुर्ची दिली, मी बसलो नाही. वडिलांनी लावलेला लिंब होता, त्याच्या बुंध्याच्या अलीकडे साडेचार फुटांवर रेघ आली. मी त्या पोराला बाजूला घेतलं. ज्या तोंडानं आयुष्यभर लोकांना सांगितलं, रेघेला सोयरेधायरे नसतात, त्याच तोंडानं म्हणालो, "बघ ना बाबा, पाच फूट सरकते का."

तो लगेच काही बोलला नाही. मग म्हणाला, "सर, तुमच्या लिंबासाठी सरकवली तर समोरच्यांची विहीर जाती."

समोरच्यांची विहीर मीच एकदा मोजली होती. मी गप्प झालो. वन खात्यानं लिंबाची किंमत काढली, ती निवाड्यात आली, बँकेतही आली. झाड तोडताना मात्र मी गावाला गेलो नाही. त्या पडवीतल्या म्हातारीची आठवण त्या दिवशी झाली. सगळं हसण्यावारी नेलं होतं तिनं. मला ते जमलं नाही.

रस्ता झाला. चांगला झाला, खोटं कशाला बोलू. खालच्या वस्तीवरची पोरं पावसाळ्यातही कॉलेजला वेळेवर पोहोचायला लागली. आणि रस्ता झाला तसे दोन्ही बाजूंना गाळे फुटले. वर्षाच्या आत चहाची टपरी, पंक्चरवाला, खतांचं दुकान, रसवंती. पुतण्या म्हणाला, "काका, आपलंबी तोंड रस्त्यावर आलंय. तीन गाळे काढू." मी म्हणालो, काढ, पण इमारत रेषेच्या मागं. "सगळे पुढं आलेत, आपणच का मागं?" मी त्याला सांगितलं, या रस्त्याचं आज बायपाससारखं काम चाललंय. सगळे असेच पुढे आले तर वीस वर्षांनी इथं दुसरा नाईक चौक होईल, आणि तेव्हा तिसऱ्या रस्त्यासाठी तुझ्या पोराच्या शेतात कोणीतरी फक्की मारत उभा असेल.

त्याला पटलं असं म्हणवत नाही. पण माझा मान ठेवून गाळे त्यानं मागं बांधले. पुढच्या मोकळ्या जागेत पत्र्याचं शेड टाकलं. म्हणाला, "तात्पुरतं आहे, काका." तात्पुरतं हा शब्द मी चौतीस वर्षांच्या नोकरीत प्रत्येक अतिक्रमणाच्या पंचनाम्यात लिहिला होता.

गेल्या ऊसतोडीच्या हंगामात टोळीचा एक ट्रक वळला. वर भांडीकुंडी, शेळ्या, पोरं. शेडचा पुढचा खांब आडवा येत होता. ट्रकमधली एक बाई काकुळतीनं ओरडत होती. पुतण्या स्वतःच पळत गेला, चार जणांनी मिळून पत्रा उचलला, ट्रक निघाला. मग पत्रा पुन्हा जागेवर आला.

दुसऱ्या दिवशी मी दुकानातून पावशेर चुना आणला आणि शेडच्या खांबामागून, जिथं रस्त्याची हद्द खरी संपते तिथून, फक्की मारली. पुतण्या बघत होता, बोलला नाही. अवकाळी पावसानं ती धुऊन गेली. मी पुन्हा मारली.